जमनालालजींच्या वर्ध्यात

गुरुवार

वर्ध्याला बहुतेक लोक गांधीजींसाठी येतात. सकाळी सेवाग्राम, दुपारी पवनार आणि संध्याकाळच्या गाडीने परत, असा सगळ्यांचा ठरलेला कार्यक्रम असतो. आम्ही आलो होतो गांधीजींचे निकटचे सहकारी आणि उद्योगपती जमनालाल बजाज यांच्यासाठी. काकांची ही फार जुनी इच्छा. त्यांनी आयुष्यभर कापडाचं दुकान चालवलं आणि दुकानात लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी जमनालालजींचा एक फोटो लावलेला असे. "धंदा करूनही माणूस असा राहू शकतो, हे रोज समोर दिसायला हवं," असं ते म्हणायचे. ११ फेब्रुवारी ही जमनालालजींची पुण्यतिथी, म्हणून महिना फेब्रुवारीच निवडला. शिवाय वर्ध्याचं ऊन अजून तापायला लागलेलं नसतं.

विदर्भ एक्स्प्रेसमधून सकाळी उतरलो, स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाल्ले आणि थेट लक्ष्मीनारायण मंदिरात गेलो. काकांचा आग्रहच होता, की सुरुवात इथूनच करायची.

मंदिर बांधलं सेठ बच्छराज यांनी. जमनालाल हे त्यांचे दत्तक नातू. जन्म ४ नोव्हेंबर १८८९ चा, राजस्थानात सीकरजवळच्या काशी का बास या लहानशा गावी. वडील कनीराम आणि आई बिरदीबाई, घर साधं. बच्छराजांच्या घरी वारस नव्हता. चार-पाच वर्षांच्या या मुलाला त्यांनी मागून घेतलं आणि वर्ध्याला आणलं. कापसाचा मोठा व्यापार, जमीनजुमला, सावकारी असं सगळं त्या घरात होतं.

पुढची गोष्ट काका देवळाच्या पायरीवर बसून सांगत होते. मला ती ठाऊक होती, तरी पुन्हा ऐकली. जमनालाल सतरा वर्षांचे असताना एका लग्नाला जायचं निघालं. अंगावर दागिने घालावेत असा बच्छराजांचा हट्ट, आणि मुलाची तयारी नाही. म्हातारा संतापला आणि पैशावरून बोलू नये ते बोलला. त्या मुलाने पत्र लिहून ठेवलं, तुमच्या संपत्तीवर माझा काही हक्क नाही असं कळवलं आणि नेसत्या वस्त्रांनिशी घर सोडलं. रागाचा शब्द त्यात नव्हता. बच्छराजांनी माणसं पाठवून समजूत घातली आणि त्याला परत आणलं. त्याच वर्षी, १९०७ मध्ये, बच्छराज गेले आणि सगळी मालमत्ता जमनालालांकडे आली.

"आता इथे बघ," काका म्हणाले. "परत आला, संपत्ती घेतली, पण लिहिलेलं विसरला नाही. जे एकदा सोडलं ते आपलं नाही, असं तो जन्मभर धरून चालला. मिळालेली रक्कम लोकांच्या कामाला लावायची, आणि आपण कमवायचं ते वेगळं."

एक व्यापारी दुसऱ्या व्यापाऱ्याच्या वह्या तपासतोय, असंच ते ऐकताना वाटत होतं. मला स्वतःला जमनालालजींच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची किल्ली या प्रसंगात दिसते. गांधीजींनी विश्वस्तपणाचा विचार मांडला त्याच्या कितीतरी आधी हा मुलगा त्या विचाराने जगायला लागला होता. म्हणूनच पुढे गांधीजी भेटले तेव्हा त्याला काही नवं पटवून द्यावं लागलं नाही.

मंदिराचं मोठेपण १९२८ सालचं. त्या वर्षी जुलैमध्ये जमनालालजींनी ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या सगळ्यांसाठी उघडलं. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला मार्च १९३० मध्ये. पंढरपूरचा विठ्ठल सर्वांना भेटायला १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. या तारखा शेजारी ठेवल्या की १९२८ चा अर्थ कळतो. विनोबांचा पाठिंबा होता, पण विरोध घरातून होता, जातीतून होता, ज्यांच्याशी रोजचा व्यवहार त्यांच्याकडून होता. व्यापाऱ्याला समाजाने वाळीत टाकणं म्हणजे काय, हे काकांनी मला समजावलं. हुंडी कोण स्वीकारणार, मुलामुलींची लग्नं कुठे जमणार, सणाला दारात कोण येणार, इथपर्यंत ते जातं. जमनालालजींनी ते सगळं पत्करलं. आपल्या शेतांवरच्या विहिरीही त्यांनी सर्वांना मोकळ्या केल्या.

एक गोष्ट मात्र मनात आली ती लिहिलीच पाहिजे. मालकाने आतून दार उघडणं आणि ज्यांना बाहेर ठेवलं त्यांनी हक्क म्हणून दारावर धडकणं, या दोन गोष्टी एक नाहीत. बाबासाहेबांचा नाशिकचा लढा दुसऱ्या प्रकारचा होता आणि माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न खऱ्या अर्थाने त्यानेच उभा केला. तरीही ज्याच्या हातात कुलूप होतं त्याने ते काढलं, स्वतःचं नुकसान करून काढलं आणि त्यासाठी कोणी मोर्चा आणण्याची वाट पाहिली नाही. माझ्या लेखी त्याचं मोल कमी नाही. काका आत जाऊन बराच वेळ हात जोडून उभे होते.

दुपारी उन्हातून बजाजवाडीकडे फिरलो. वर्धा ही काही काळ देशाची राजधानी असल्यासारखी होती आणि पाहुणे उतरत ते जमनालालजींकडे. नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, राजेंद्रबाबू सगळे इथे येऊन गेले. दम्याने हैराण झालेले राजेंद्रबाबू तर इथे कितीतरी दिवस मुक्कामाला असत. वायव्य सरहद्द प्रांतात जायला बंदी असलेले खान अब्दुल गफार खान १९३४ मध्ये जमनालालजींकडे राहत होते आणि त्या डिसेंबरात त्यांना अटकही वर्ध्यातच झाली. एवढ्या माणसांची जेवणं, औषधपाणी, गाड्यांच्या वेळा, कोणाला काय पथ्य, हे सगळं या घराने सांभाळलं. पाहुणचाराला आपण दानात धरत नाही. वर्षानुवर्षं घर असं उघडं ठेवणं हे मोठंच देणं आहे आणि त्याचा बराचसा भार घरातल्या बाईवर असतो. जानकीदेवींबद्दल पुढे लिहितेच.

शुक्रवार

सकाळी मगनवाडी. ही जमनालालजींची बाग. गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाला जागा हवी होती, तेव्हा त्यांनी ती देऊन टाकली. आश्रमाचा आधारस्तंभ असलेले गांधीजींचे पुतणे मगनलाल यांचं नाव तिला दिलं. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा इथेच काम करत. मगन संग्रहालयाचं उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते झालं. चरख्यांचे प्रकार आणि हातकामाची अवजारं पाहताना काका कापडाजवळच थांबले. खादीचा पोत बोटांनी तपासायची सवय त्यांच्या हाताला अजून आहे.

तिथून रिक्षाने सेवाग्राम, शहरापासून आठेक किलोमीटर.

आधी थोडं मागे जायला हवं. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं आणि स्वागताध्यक्ष होते जमनालालजी. तिथे त्यांनी गांधीजींकडे एक विचित्र मागणी केली, की मला तुमचा पाचवा मुलगा माना. हरिलाल, मणिलाल, रामदास, देवदास, आणि पाचवा मी. गांधीजी चकित झाले आणि त्यांनी ते मान्य केलं. ज्याला लहानपणी न विचारता एका श्रीमंत घरात दत्तक दिलं गेलं, त्याने मोठेपणी स्वतः होऊन एका निर्धन माणसाला बाप म्हणून निवडलं. मला या माणसाच्या आयुष्यातली ही सगळ्यात हलवून टाकणारी गोष्ट वाटते.

मागणी तोंडदेखली नव्हती. असहकारात सरकारने दिलेली रायबहादूर ही पदवी त्यांनी परत केली. वकिली सोडणाऱ्यांच्या कुटुंबांचे हाल होऊ नयेत म्हणून एक लाख रुपये दिले, आणि हे १९२१ च्या आसपासचे एक लाख आहेत. घरातले परदेशी कपडे होळीत गेले. साबरमतीसारखा आश्रम वर्ध्यातही हवा म्हणून ते मागे लागले, तेव्हा गांधीजींनी एप्रिल १९२१ मध्ये विनोबांना पाठवलं. स्वतः गांधीजी यायला मात्र आणखी तेरा वर्षं लागली. स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीला परतणार नाही असं १९३० मध्ये म्हणून ते निघाले होते. त्यांना राहायला जागा हवी होती आणि पाचव्या मुलाकडे ती होती. शेगाव या गावाची बरीचशी जमीन जमनालालजींची. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी तिथे राहायला गेले. विदर्भातल्या दुसऱ्या शेगावशी टपालाचा गोंधळ व्हायला लागला, म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम ठेवलं.

आश्रमाच्या आवारात गेलो की आवाज आपोआप खाली येतो. आदि निवास, बा कुटी, बापू कुटी, सारवलेल्या जमिनी, कुडाच्या भिंती, कौलं. आसपास मिळेल तेवढ्याच सामानात बांधायचं असा गांधीजींचा दंडक होता. जमनालालजींना याहून कितीतरी चांगलं बांधून देता आलं असतं, आणि द्यावंसं वाटलंही असणार. देणाऱ्याला आपल्या मनासारखं देण्याची हौस असते. घेणाऱ्याला हवं तेवढंच आणि हवं तसंच देणं फार अवघड. काका यावर म्हणाले, "अरे, आमच्याकडे देवळाच्या फरशीवरसुद्धा नाव कोरतात. लोक त्यावरून चालतात तरी कोरतात."

व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी बसवून दिलेल्या टेलिफोनची खोली, न मारता साप पकडायचा चिमटा आणि पेटी, १९३६ मध्ये बापूंनी लावलेला पिंपळ आणि बांनी लावलेली बकुळ, हे सगळे पाहतात. परचुरे शास्त्रींची कुटी लोक घाईत ओलांडतात. तिथे थांबा. महारोग झालेल्या या संस्कृत पंडिताला आश्रमात ठेवून घेऊन गांधीजी स्वतः त्यांना मालिश करत.

आम्हाला मुख्य पाहायचा होता तो आखरी निवास. ही झोपडी मुळात जमनालालजींसाठी बांधली होती, इथे येऊन बापूंजवळ राहायला. त्यांच्या निधनानंतर काही काळाने १९४६ मध्ये गांधीजी तिच्यात राहायला आले. त्याच वर्षी २५ ऑगस्टला ते इथून दिल्लीकडे निघाले, पुढे नोआखालीला गेले आणि सेवाग्रामला परत आलेच नाहीत. मुलासाठी बांधलेल्या घरात बापाचे इथले शेवटचे दिवस गेले. काका ओसरीवर टेकून बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

रात्री यात्री निवासात राहिलो. त्याआधी पिंपळाखाली संध्याकाळची प्रार्थना झाली. जमनालालजींचं धर्माशी असलेलं नातं कर्मकांडाचं नव्हतं. ते स्वतःवर फार कडक होते. मनात आलेला प्रत्येक दोष डायरीत नोंदवायचा, बापूंना पत्राने कळवायचा, विनोबांना विचारायचा. छापून आलेला तो पत्रव्यवहार वाचताना जाणवतं, की एवढं देऊनही या माणसाला आपण पुरेसे शुद्ध झालो असं कधी वाटलं नाही. विनोबा वयाने सहा वर्षांनी लहान, तरी त्यांना ते गुरू मानत. १९४१ मध्ये डेहराडूनजवळ संत आनंदमयी माँ भेटल्या तेव्हा आई मिळाल्यासारखं झालं. पन्नाशी ओलांडलेला, देशभर नाव असलेला उद्योगपती आईची माया शोधत हिंडतो, यात मला कमकुवतपणा दिसत नाही. चार-पाच वर्षांचा असताना आईपासून दूर आलेलं मूल त्या वयातही आत असणारच.

शनिवार

पवनार. धाम नदी, पूल, पलीकडे उंचवट्यावर आश्रम. इथे जमनालालजींचा बंगला होता. १९३८ मध्ये विनोबांची प्रकृती ढासळली, तेव्हा त्यांना इथे आणलं आणि तो बंगला परंधाम आश्रम झाला. १९४० च्या १७ ऑक्टोबरला वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून विनोबांनी भाषण केलं ते इथेच. जमीन खणताना सापडलेल्या जुन्या मूर्ती भिंतींत बसवल्या आहेत आणि त्यांत भरत-भेटीचं शिल्प आहे. काकांना ते फार आवडलं. १९५९ पासून इथे ब्रह्मविद्या मंदिर आहे. स्त्रियांनी स्वतः चालवलेला हा आश्रम अजून शेती, स्वयंपाक, छपाई असं सगळं हातांनी करतो.

आश्रमातल्या एका ताईंनी आम्हाला पाणी दिलं आणि "कुठून आलात, दादा?" असं काकांना विचारलं. काकांनी जमनालालजींचं नाव घेतलं, तशा त्या हसून म्हणाल्या, "मग तुम्ही त्यांच्याच घरी आलात." दुपार नदीकाठी गेली. याहून जास्त लिहिण्यासारखं त्या दिवशी काही घडलं नाही.

रविवार

गोपुरी राहिली होती.

गीताई मंदिराला छप्पर नाही, मूर्ती नाही. उघड्या आभाळाखाली दगडी शिळा उभ्या आहेत आणि त्यांवर विनोबांच्या गीताईचे, म्हणजे त्यांनी मराठीत आणलेल्या गीतेचे, अठरा अध्याय कोरले आहेत. वरून पाहिलं तर मांडणीत गाय आणि चरखा यांचा आकार दिसतो. १९८० मध्ये खुद्द विनोबांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. शेजारी जपानी भिक्खूंच्या प्रेरणेने उभा राहिलेला पांढरा विश्वशांती स्तूप आहे.

गीतेचा आणि जमनालालजींचा संबंध पुस्तकी नव्हता. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली. साने गुरुजींनी ती लिहून घेतली म्हणून आज आपल्याकडे आहेत. त्या कैद्यांत श्रोते म्हणून जमनालालजी बसलेले असत. आम्हीही योगायोगाने रविवारीच तिथे होतो. काकांनी बाराव्या अध्यायाच्या शिळा शोधून काढल्या आणि मोठ्याने वाचायला लागले. शाळेच्या सहलीची मुलं आली होती. त्यांतली दोन-तीन थांबून त्यांच्याबरोबर म्हणू लागली, कारण त्यांना अध्याय पाठ होता.

इथे जवळच जमनालालजींचा शेवटचा मुक्काम होता. बजाज हे नाव आपल्याला स्कूटरमुळे घरचं झालं. स्कूटर त्यांच्यानंतरची. त्यांच्या हयातीत कापूस होता, १९३१ चा गोला गोकर्णनाथचा साखर कारखाना होता, वाढता उद्योग होता. ते सगळं मागे ठेवून १९४१ मध्ये त्यांनी गाईंची सेवा हे शेवटचं काम पत्करलं आणि गोपुरीत झोपडीत राहायला आले. शेतकऱ्याच्या गोठ्यातली गाय दूध देणारी व्हावी, तिची पैदास सुधारावी, शहरात तिच्या दुधाला गिऱ्हाईक मिळावं, असा व्यवहार त्यात होता. व्यापारी डोकं त्यांनी इथेही बाजूला ठेवलं नाही. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने ते अचानक गेले. वय फक्त बावन्न. गोपुरीतच अंत्यसंस्कार झाले.

जानकीदेवींबद्दल लिहीन म्हटलं होतं. लग्न झालं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या. नवऱ्याने एकेक गोष्ट सोडली तशी त्यांनाही सोडावी लागली, आणि सोनं-रेशीम सोडणं बाईला किती जड जातं हे पुरुषांनी लिहिलेल्या चरित्रांत नीट येत नाही. त्यांनी दागिने उतरवले, पडदा टाकला, सभांत बोलल्या. पाच मुलं वाढवली, त्यांतली काही विनोबांच्या हाताखाली. थोरल्या कमलाचं लग्न १९२६ मध्ये साबरमती आश्रमात अगदी साधेपणाने झालं. त्या काळी मारवाडी शेठाच्या घरातलं पहिलं लग्न असं करायचं, म्हणजे आईने किती आवंढे गिळले असतील! पती गेल्यावर त्या कोलमडून गेल्या आणि त्यांच्याबरोबर चितेवर जायला निघाल्या. गांधीजींनी त्यांना सावरलं आणि पतीचं काम पुढे नेणं हीच खरी निष्ठा असं सांगितलं. त्यांनी आपल्या नावचा पैसा गोसेवेला दिला आणि त्या कामाला लागल्या.

गांधीजींनीही शोक कामात घातला. काही दिवसांतच जमनालालजींच्या मित्रांना वर्ध्याला बोलावून त्यांनी एकेक काम वाटून घ्यायला सांगितलं, कारण गोसेवा, खादी, ग्रामोद्योग, हिंदी प्रचार, स्त्रियांचं शिक्षण, अस्पृश्यता निवारण एवढं सगळं एकटा माणूस ओढत होता. काँग्रेसचं खजिनदारपद वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच होतं. त्याच वर्षी जुलैमध्ये 'भारत छोडो'चा पहिला ठराव वर्ध्यात झाला, तेव्हा यजमान नव्हता.

निघताना गोरस भांडारातून गाईच्या तुपातला गोरसपाक घेतला. वर्ध्याहून कोणी गोरसपाक घेतल्याशिवाय जात नाही, आणि गोपुरीहून थेट तिकडे गेलो तर तो नुसता खाऊ राहत नाही.

गाडीत काकांनी एक गोष्ट सांगितली, ती मी पहिल्यांदाच ऐकत होते. मुलगा दत्तक देताना कनीरामांनी स्वतःसाठी काही घेतलं नाही, पण गावात पाण्याचे हाल होते म्हणून बच्छराजांनी काशी का बासमध्ये विहीर बांधून दिली, असं सांगतात. मग मला आठवलं की जानकीदेवी पुढे विनोबांच्या भूदानात गेल्या तेव्हा त्यांनी हाती घेतलं ते कूपदान. ज्याला जमीन मिळाली त्याच्याकडे पाणी नसेल तर तो पिकवणार काय, म्हणून गावोगाव फिरून त्या लोकांकडे विहिरी मागत. १९५६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. १९७९ मध्ये त्या गेल्या.

"ती विहीर बघायला जायचं का रे, पुढच्या हिवाळ्यात?" काकांनी विचारलं.

"आधी मला 'रे' म्हणणं सोडा काका, मग नेते," मी म्हटलं. लहानपणापासून ते मला मुलासारखं हाक मारतात. ते हसले, आणि सीकरला जयपूरहून गाडी आहे का ते बघ म्हणाले.